उंबर काढून टाकलं तरी काहीच झालं नाही

पहिल्यांदा सिम्युलेशन नीट चाललं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मामांच्या सोप्यात चटईवर लॅपटॉप, बाहेर जूनचा पाऊस, आणि स्क्रीनवर एक रेघ. कॉम्प्युटरातल्या रानातनं मी उंबर काढून टाकलं होतं आणि ती रेघ सांगत होती की पक्ष्यांचं काहीच बिघडलेलं नाही. एकपण पक्षी गेला नाही. मी नोव्हेंबरपासून ज्या उंबराखाली मान दुखेपर्यंत वर बघत बसले होते, जिथं एकाच सकाळी राखी धनेश, हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल सगळे एका झाडावर लिहून घेतले होते, ते झाडच गेलं तरी काही फरक पडत नाही हे मला पटेचना. नेमकं काय चुकलंय हे कळायला तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे इथं सविस्तर लिहितेय, कारण आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा शिकून डेझर्टेशन करणारी पोरं आता आपल्याकडे वाढायलीत आणि मला त्यावेळी मराठीत असलं काही हाताला लागलं नव्हतं.

मी खानापूर तालुक्यातली. एमएस्सी झूऑलॉजी बेळगावात. डेझर्टेशनला विषय घेतला फळं खाणारे पक्षी आणि फळझाडं यांचं जाळं, आणि त्यातनं एकेक झाड संपत गेलं तर पक्ष्यांचं काय होतं. मामांचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला, जिथं मलप्रभा उगम पावते तो सगळा पावसाचा पट्टा. भीमगड अभयारण्य तिथनं लांब नाही, २०११ ला ते जाहीर झालं, खरं आत जाऊन काम करायचं तर फॉरेस्टची परवानगी लागते आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही मालकीच्या जमिनी, ओढ्याचा काठ आणि गावची देवराई एवढ्यावरच राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती बैलहोंगलची, घरी कन्नड, मराठी चांगली बोलते. एक आठवडा ती, एक आठवडा मी, असं नोव्हेंबर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत केलं.

कामाची पद्धत साधी होती. फळाला आलेलं झाड शोधायचं, साडेसहाला खाली जाऊन बसायचं, दहापर्यंत हलायचं नाही. कुठला पक्षी आला, किती वेळ थांबला, फळ अख्खं गिळलं की नुसतं टोचून टाकलं, हे वहीत लिहायचं. पोपटाचं काय करायचं यावर डेझर्टेशनच्या सरांशी बरीच चर्चा झाली, कारण पोपट बी फोडून खातो, झाडाचा प्रसार काही करत नाही. सर म्हणाले तुझा प्रश्न काय आहे ते आधी ठरव. झाड गेलं तर पक्ष्याचं काय, हा प्रश्न असेल तर पोपट आत घे, त्याला पोट आहेच. पक्षी गेला तर झाडाचं काय, असं विचारणार असशील तर पोपट बाहेर ठेव. एकच जाळं, खरं कुठल्या बाजूनं बघतोय त्यावर कोण मोजायचं ते बदलतं. मी पहिला प्रश्न धरला.

ही कल्पना काही माझी नव्हे. २००४ साली जेन मेमट, निकोलस वेझर आणि मेरी प्राइस या तिघांनी परागीभवनाच्या दोन मोठ्या जुन्या नोंदींवर हे करून बघितलं होतं, दोन्ही अमेरिकेतल्या, कोलोरॅडोतली १९२३ ला छापलेली आणि इलिनॉयमधली १९२९ ची. त्यांनी कॉम्प्युटरवर एकेक कीटक काढत नेला आणि किती फुलझाडं बिनकीटकाची उरतात ते मोजलं. कधी कुठलाही काढायचा, कधी सगळ्यात कमी नाती असलेला आधी, कधी सगळ्यात जास्त नाती असलेला आधी. जास्त नाती असलेले आधी काढले तेव्हा झाडं भरभर गेली, खरं एकदम कोसळून पडलं असं नाही, रेघ सरळ उतरत गेली. त्याचं कारण म्हणजे असल्या जाळ्यांची ठेवण. जे एकदोघांवरच अवलंबून असतात ते सहसा अशांवर असतात ज्यांची सगळ्यांशीच ओळख आहे, आणि पंगतीला कोणी एक नसला तर वाढायला दुसरा असतोच. हे वाचलं तेव्हा मला वाटलेलं की आपल्या रानातपण असंच निघणार, आणि पहिल्या रात्री ती आडवी रेघ बघितल्यावर क्षणभर वाटलं की निघालंच की. पण मेमट बाईंची रेघपण उतरत होती, माझी उतरतच नव्हती.

आता सॉफ्टवेअरबद्दल. आर फुकट आहे, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते सुरू केलं. असल्या जाळ्यांसाठी त्यात बायपार्टाइट नावाचं पॅकेज, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, आहे, कार्स्टन डॉरमन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ मध्ये मांडलेलं. बायपार्टाइट म्हणजे दोन बाजू असलेलं जाळं, एकीकडं झाडं, एकीकडं पक्षी, आणि नातं फक्त या बाजूचं त्या बाजूशी. ते घालताना बरोबर व्हेगन, एसएनए अशी अजून पॅकेजं ओढून आणतं. मामांच्या गावात रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर, तिथं छत्री धरून मोबाइलच्या नेटवर हे सगळं उतरवायला एक दुपार गेली. ज्यांच्याकडे नेटचा हा त्रास आहे त्यांनी बेळगावातच सगळं घालून मग गावाकडे जावं.

माझ्या लॅपटॉपात आर जुनं होतं आणि विंडोजवर त्यात मराठी अक्षरं घातली की त्यांच्या जागी यू प्लस अमुक अमुक असले आकडे यायचे. ४.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, ते सुधारलंय, नवीन घालणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही. मी ते न बघता सगळी नावं इंग्रजी लिपीत टाइप केली, माझ्या वहीतली मी, मैत्रिणीच्या वहीतली तिनं. सरांनी शास्त्रीय नावं लिहा म्हणून दोनदा सांगितलेलं, आम्ही ते नंतर करू म्हणून ठेवलं. या वाक्यावर मी परत येणार आहे.

मॅट्रिक्स म्हणजे नुसता तक्ता. प्रत्येक ओळ एक झाड, प्रत्येक रकाना एक पक्षी, आणि चौकटीत किती वेळा तो पक्षी त्या झाडावर खाताना दिसला तो आकडा. कधीच दिसला नसेल तर शून्य. फाइल वाचताना पहिला रकाना हा नावांचा आहे हे आरला सांगावं लागतं, नाहीतर ते झाडांची नावंपण आकडे समजायला जातं आणि सगळंच अडतं. हे मला पहिल्या दिवशीच कळलं. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. सेकंड डॉट एक्स्टिंक्ट नावाचं जे फंक्शन एकेक प्रजाती काढत नेतं, त्याला आपण काही सांगितलं नाही तर ते वरची पातळी काढतं, म्हणजे माझ्याकडे पक्षी. मला काढायची होती झाडं. पार्टिसिपंटच्या जागी लोअर लिहायला पाहिजे होतं. मी दोन दिवस पक्षीच काढत बसले होते आणि झाडं बघत होते, आणि एरर तर कुठंच येत नाही, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीनं चुकलेलं काहीच नाही, मी विचारलं त्याचं उत्तर तो देत होता.

काढायचा क्रम तीन-चार प्रकारे देता येतो. रँडम म्हणजे कुठलंही. हे मुळात दहाच वेळा चालवून सरासरी देतं, ते हजारावर न्यावं, आणि आधी सेट डॉट सीडमध्ये एक आकडा देऊन ठेवावा, नाहीतर तुमचं उत्तर आणि मैत्रिणीचं उत्तर जुळत नाही आणि दोघी एकमेकींची चूक शोधत बसता. अबंडन्स म्हणजे सगळ्यात कमी भेटी असलेलं झाड आधी. यात एक गोम आहे, भेटी कमी म्हणजे झाड दुर्मिळ असं नसतं, आपण त्याखाली कमी तास बसलो असू. डिग्री म्हणजे सगळ्यात जास्त पक्ष्यांशी नातं असलेलं आधी. आणि एक्स्टर्नल म्हणजे क्रम आपण द्यायचा. शेवटचं हे मला सगळ्यात जास्त कामाला आलं, ते पुढं सांगते.

मग येते रोबस्टनेस. काढलेल्या झाडांचं प्रमाण आडव्या अक्षावर, उरलेल्या पक्ष्यांचं प्रमाण उभ्यावर, आणि त्या रेघेखालचं क्षेत्रफळ. एकाच्या जवळ असेल तर जाळं टिकाऊ, झाडं जात राहिली तरी पक्षी शेवटपर्यंत राहतात. शून्याच्या जवळ असेल तर दोनचार झाडं गेली की सगळं गेलं. माझा आकडा एकाच्या जवळ आला होता, आणि उंबर पहिलंच काढूनसुद्धा.

चूक सापडली ती आकड्यांत नव्हे, चित्रात. प्लॉटवेब म्हणून एक फंक्शन आहे, ते जाळं काढून दाखवतं, खाली झाडांचे ठोकळे, वर पक्ष्यांचे, मधे पट्टे, जेवढ्या भेटी जास्त तेवढा पट्टा जाड. मैत्रीण त्या दिवशी आली होती, जांबोटीला बसमधनं उतरून भिजत वर चालत आली. तिला मी चित्र दाखवलं. खाली डाव्या टोकाला एक जाड ठोकळा होता, उजव्या टोकाला दुसरा, आणि दोन्हींतनं निघालेले पट्टे त्याच त्याच पक्ष्यांकडे जात होते. तिनं डावीकडच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं, मग उजवीकडच्यावर, आणि म्हणाली, "अगं, ही माझी अत्ती आणि हे तुझं उंबर. एकच झाड की गं हे."

बेळगावात राहून अत्ती म्हणजे उंबर हे मला माहीत नव्हतं असं नाही, आपल्याकडे लहान पोरालाही दोन्ही येतात. खरं फाइलीत नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागली होती, अत्ती अगदी वर, उंबर अगदी खाली, मधे तीस ओळी. दोन्ही कधी एकत्र डोळ्यापुढं आलीच नाहीत. तसंच नेरळे आणि जांभूळ, तसंच आलद मर आणि वड. तिच्या आठवड्यातलं रान कन्नड होतं, माझ्या आठवड्यातलं मराठी, आणि प्रोग्रॅमला वाटलं ही दोन वेगवेगळी झाडं आहेत. म्हणून मी उंबर काढलं की सगळे पक्षी जाऊन अत्तीवर बसायचे. काहीच न बिघडायला कारण तेवढंच.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून दोन्ही वह्यांतली सगळी नावं शास्त्रीय नावांखाली आणली. उंबर आणि अत्ती दोन्ही फायकस रेसिमोसा. ज्या झाडाबद्दल शंका होती त्याची फांदी सकाळी जाऊन आणली, आणि दोन झाडं अशी निघाली की आम्ही दोघींनी एकच नाव लिहिलं होतं आणि झाडं वेगळी होती. म्हणजे उलटी चूकपण होती. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला डेझर्टेशनमध्ये एक ओळ मिळते, पण माझ्या मते सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं. ज्या भागात एका झाडाला दोनतीन भाषांत नावं आहेत, तिथं हे पहिल्या दिवशी करावं.

नावं जुळल्यावर परत चालवलं. आता उंबर काढलं की तांबट आणि अजून दोनतीन पक्षी जात होते, रेघ उतरत होती, खरं बाकीचे राहत होते. सरांना पाठवलं, सर म्हणाले ठीक वाटतंय, लिहायला घे. मीपण घेतलं असतं.

मामांनी विचारलं म्हणून ते राहिलं. पावसामुळं त्या दिवशी रोप लावायला कोणी गेलं नव्हतं. मामा सोप्यात बसले होते, म्हणाले काय गं दिवसभर त्यात बघत बसतीस, मलाबी सांग की. मामांची शाळा सातवीपर्यंत, पण गावातलं कुठलं झाड कधी फळाला येतं हे आम्हाला त्यांनीच सांगितलेलं, आमच्या वहीतली निम्मी झाडं त्यांनी दाखवलेली. मी फरशीवर खडूनं चार ओळी आणि चार रकाने आखले. मामींकडनं चिंचोके आणले. ओळी उंबर, जांभूळ, करवंद, घाणेरी. रकाने तांबट, धनेश, हरियाल, बुलबुल. समजायला सोपं पडावं म्हणून नाती कमी धरली. तांबटाला फक्त उंबर. धनेश आणि हरियालाला उंबर आणि जांभूळ. बुलबुलाला उंबर, करवंद आणि घाणेरी. एकूण आठ चिंचोके.

मग मी खेळ दाखवला. उंबराची ओळ उचलली, तांबटाच्या रकान्यात काही उरलं नाही, तांबट गेला. चारातले तीन राहिले. जांभूळ उचललं, धनेश आणि हरियाल गेले, एक राहिला. करवंद उचललं, बुलबुल घाणेरीवर राहिला. घाणेरी उचलली, संपलं. रेघेखालचं क्षेत्रफळ हातानं काढलं तर ०.४४ येतं. मग सगळे चिंचोके परत मांडले आणि उलटीकडनं सुरू केलं, घाणेरी, करवंद, जांभूळ. एकपण पक्षी गेला नाही, सगळे उंबरावर. शेवटी उंबर उचललं तेव्हा चौघेही एकदम. याचं क्षेत्रफळ ०.८८. तीच झाडं, तेच पक्षी, नुसता क्रम बदलला तर आकडा दुप्पट. मामांना हे पटकन कळलं. ते जरा वेळ चिंचोक्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे सगळं एकदमच पिकतंय काय गं?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे मार्गशीर्षात जांभूळ कुठलं आणायचं पाखरानं?" असं म्हणून त्यांनी जांभळाची ओळ उचलली, करवंदाची उचलली, आणि ते चिंचोके बाजूला ठेवले. "हे मेच्या सुमाराला. आता बघ."

फरशीवर दोनच ओळी उरल्या. उंबराचे चार चिंचोके, घाणेरीचा एक. मी उंबर उचललं. तांबट, धनेश, हरियाल तिघे एका झटक्यात गेले आणि बुलबुल तेवढा घाणेरीवर राहिला. मघाशी वर्षभराच्या तक्त्यात उंबर गेल्यावर एकच पक्षी गेला होता. झाडं तीच, नाती तीच, मी एकपण आकडा बदलला नव्हता.

आठ महिन्यांच्या नोंदी मी एकाच तक्त्यात ओतल्या होत्या. त्या तक्त्यात धनेशाला उंबर नसेल तर जांभूळ होतं. खऱ्या धनेशाला डिसेंबरात उंबर नसेल तर जांभळाची वाट बघायला पाच महिने उपाशी राहायला पाहिजे. प्रोग्रॅमला महिना माहीत नसतो, मी तो दिलाच नव्हता. वहीत प्रत्येक पानावर तारीख होती आणि तक्ता करताना मीच ती सोडून दिली होती.

परत बेळगावला येऊन दर महिन्याचा वेगळा तक्ता केला. हे आरमध्ये अवघड नाही, फ्रेम टू वेब्ज नावाचं फंक्शन आहे, त्याला झाड, पक्षी आणि महिना असे रकाने असलेली साधी यादी दिली की ते महिन्यागणिक तक्ते पाडून देतं. मेच्या तक्त्यात करवंद, जांभूळ आणि बाकीची दहाबारा झाडं होती, तिथं उंबर काढलं तर जवळजवळ काहीच होत नव्हतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीत मात्र रेघ पहिल्याच पायरीला खाली यायची. ओढ्याकाठची दोन उंबरं आणि देवराईतला एक वड, मोठ्या पक्ष्यांचं या तिघांवरच चाललेलं. उंबराची सगळी झाडं एका वेळी पिकत नाहीत, एक संपतं तेव्हा दुसरं येतं, म्हणून ते अडीअडचणीला उपयोगी पडतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. आता ते आमच्या ओढ्यावर दिसलं.

सरांनी लगेच एक शंका काढली आणि ती बरोबर होती. डिसेंबरात नोंदीच कमी आहेत, कारण फळाची झाडं कमी. मग कोसळतंय ते रान की तुझ्या तक्त्यातली शून्यं? न दिसलेलं नातं आणि नसलेलं नातं, दोन्हीच्या जागी शून्यच येतं. नोंदी कमी म्हणजे नाती कमी दिसणार आणि जाळं नुसतं कागदावरच नाजूक ठरणार. यावर उपाय असा केला की मेच्या नोंदींतनं चिठ्ठ्या काढल्यासारख्या डिसेंबराइतक्याच नोंदी उचलायच्या, त्यावर सिम्युलेशन चालवायचं, आणि हे हजार वेळा. सँपल कमांड आणि एक लूप, बस. मेचा तक्ता असा बारीक केल्यावर आधीपेक्षा नाजूक झाला, म्हणजे सरांच्या शंकेत तथ्य होतं, पण डिसेंबराइतका तो कधी कोसळला नाही. हे केलं नसतं तर मी निम्मं खरं आणि निम्मं नोंदींच्या कमीपणामुळं आलेलं असं काहीतरी छातीठोकपणे लिहून मोकळी झाले असते.

अजून एक गोष्ट मला शेवटपर्यंत टोचत राहिली. या पद्धतीत पक्षी कधी मरतो, तर त्याचं शेवटचं झाड गेल्यावर. दहातली नऊ झाडं गेली तरी तो जिवंतच. खऱ्यात कोण असं जगेल? आणि उलट बाजूनं, झाड गेलं तर पक्षी दुसऱ्या झाडाकडे वळू शकतो, आजवर न खाल्लेलं फळ खाऊ शकतो, किंवा सरळ उडून चोर्ला घाटाच्या बाजूला जाऊ शकतो, तेपण या पद्धतीत नाही. २०१५ मध्ये व्हिएरा आणि आल्मेइडा-नेटो यांनी सुचवलेली पद्धत आहे, त्यात झाड गेलं की पक्षी जाण्याची शक्यता त्याच्या अवलंबित्वावर ठरते, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. मी तीपण लिहून बघितली, फासे टाकल्यासारखं रँडम आकडा काढायचा आणि तुलना करायची. क्रम तोच राहिला, डिसेंबर सगळ्यात नाजूक. म्हणून मी लुप्त होणं हा शब्द जपून वापरला, डेझर्टेशनमध्ये या जाळ्यातनं पक्षी निघून जाणं असंच लिहिलंय.

आता तो एक्स्टर्नल क्रम. पुस्तकात जास्त नाती असलेलं झाड आधी काढतात, कारण ते सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते दाखवतं. पण आमच्या गावात झाडं त्या क्रमानं तुटत नाहीत. मी मामांना आणि गावातल्या चारपाच जणांना विचारलं, कुठलं झाड आधी जातं. घराच्या लाकडाला कुठलं, जळणाला कुठलं, शेताच्या बांधावर सावली नको म्हणून कुठलं. सगळ्यांच्या यादीत उंबर शेवटी. दत्ताचं झाड, त्याला कोणी कुऱ्हाड लावत नाही, मार्गशीर्षात दत्तजयंतीला ओढ्याकाठच्या त्याच उंबराखाली दिवा लागतो, आणि वर त्याच आठवड्यात हरियालांचा थवा असतो, हे मी दोन्ही एकाच सकाळी बघितलंय. हा गावचा क्रम दिला तर डिसेंबराचं जाळंसुद्धा शेवटपर्यंत टिकतं, फरशीवरच्या उलट्या खेळासारखं. हा निकाल बघितल्यावर मी बराच वेळ काही केलं नाही, नुसती त्या रेघेकडे बघत होते.

मामांना फोन करून सांगितलं. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "खायचं झालं. खरं धनेशाच्या घरट्याचं काय? ती मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेती, नर बाहेरनं भरवतोय. तेवढी ढोली असलेलं जुनं झाड तुझ्या यादीत पहिल्यांदा जातंय की."

खरं होतं ते. ढोलीवाली मोठी झाडं बहुतेक फळाच्या तक्त्यात नव्हतीच, किंवा होती ती एखाद्या बारीक आकड्यानं. उंबर राहिलं, फळ राहिलं, आणि अंडी घालायला जागा नाही, हे माझ्या कुठल्याच मॅट्रिक्समध्ये दिसणार नव्हतं. डेझर्टेशन तोवर देऊन झालं होतं, शेवटच्या पानावर याबद्दल एक परिच्छेद घालून.

या जानेवारीत मी आणि मैत्रीण परत गेलो. नवीन वहीच्या पहिल्या पानावर झाडांची यादी तीन रकान्यांत आहे, कन्नड, मराठी, शास्त्रीय. प्रत्येक नोंदीला तारीख आहे आणि तक्ता करताना ती कुणी सोडायची नाही असं ठरलंय. मामांनी दाखवलेली पहिली ढोली देवराईच्या कडेला बेहड्याच्या झाडात आहे, माणसाच्या तिप्पट उंचीवर. दोन सकाळी नर येऊन डोकावून गेला. मादी अजून आत बसलेली नाही, तिच्या रकान्यात सध्या शून्य लिहिलंय, आणि शेजारी पेन्सिलीनं, अजून दिसली नाही.